‘कन्फेशन’ अ‍ॅप: तयारीसाठी उत्तम, क्षमा मात्र फादरांकडूनच

कन्फेशन म्हणजे फादरांपुढे, अर्थात कॅथलिक धर्मगुरूंपुढे, पापांची कबुली देणे. त्याची तयारी करून घेणारे ‘कन्फेशन: अ रोमन कॅथलिक अ‍ॅप’ अमेरिकेतल्या इंडियानातून २०११ साली आले, तेव्हा किंमत होती १.९९ डॉलर. बिशप केव्हिन ऱ्होड्स यांनी मजकुराला अधिकृत मान्यता दिली होती. तरीही ‘आता फोनवरच पापक्षमा’ अशी आवई उठली, आणि व्हॅटिकनचे तेव्हाचे प्रवक्ते फादर लोम्बार्डी यांना ती खोडून काढावी लागली.

अ‍ॅपची खरी ताकद विवेकपरीक्षणात, म्हणजे कबुलीआधी आपली पापे आठवून तपासण्यात आहे. पासवर्ड घालून वय, स्त्री की पुरुष, विवाहित, अविवाहित की व्रतस्थ हे भरले की बायबलमधल्या दहा आज्ञांनुसार त्या माणसाला लागू पडणारे प्रश्न येतात. हे फार मोलाचे आहे, कारण ‘माझं चुकलं’ एवढ्या मोघम बोलण्याने भागत नाही. गंभीर पाप कोणते आणि किती वेळा, दोन्ही सांगावे लागते. म्हणून अ‍ॅपमध्ये पापापुढे खूण करतानाच आकडाही आठवून ठेवा. खरोखर विसरलेल्या पापाचीही क्षमा होते, ते पुढच्या खेपेला सांगायचे. जाणूनबुजून लपवलेत, तर मात्र सगळेच कन्फेशन वाया जाते.

गफलत होते ती यादी भराभर वाचून दाखवण्यात. पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निश्चय नसेल, तर फादरांचे पापमुक्तीचे शब्दही फळत नाहीत. कुणाचे पाचशे रुपये लाटले असतील तर ते परत करणेही आलेच. नुसत्या प्रार्थनेवर ते फिटत नाही. अ‍ॅपमध्ये पश्चात्तापाच्या सात प्रार्थना दिल्या आहेत. त्यांतली एक घरीच पाठ करा, फादर आणि आपल्यामधल्या जाळीपुढे गुडघे टेकल्यावर स्क्रीन चाळत बसू नका.

गुप्ततेचे बंधन फादरांवर आहे. ते मोडणारा धर्मगुरू तत्क्षणी धर्मबहिष्कृत होतो. फोनला असे काही बंधन नाही, तेव्हा काम झाले की यादी पुसून टाका.

प्रश्न इंग्रजीत आहेत. वसईत मराठीतून कन्फेशन करणाऱ्याने ते आधी आपल्या शब्दांत उतरवून घ्यावेत, नाहीतर ऐनवेळी अडखळायला होते.

बऱ्याच वर्षांनी कन्फेशनला जाणाऱ्याला हे अ‍ॅप जरूर सुचवावे: क्रूसाची खूण, मागचे कन्फेशन कधी झाले, पापे, प्रार्थना, असा क्रम समोर राहतो आणि धीर येतो. दर महिन्याला जाणाऱ्याला दहा आज्ञा आणि कागदाचा एक चिटोरा पुरेसा आहे.