राउंडर्सचा शाळा-संच : बॅट-बॉल चोख, खांब कच्चे

राउंडर्स म्हणजे बॅटने बॉल टोलवून चार खांबांभोवती पळायचा खेळ. दोन लाकडी बॅटी, दोन चामडी बॉल, चार खांब आणि खांब उभे करायला चार पोकळ प्लास्टिकच्या बैठका, एवढा हा ऑनलाइन मिळणारा संच. बॅट-बॉलसाठी घ्यायला हरकत नाही. खांबांवर मात्र काम करावंच लागतं.

बॅट नियमात बसते. लांबी 46 सेंटीमीटर, घेर 17 सेंटीमीटर, वजन 370 ग्रॅम, या कमाल मर्यादा. खोट आहे ती मुठीच्या पॉलिशमध्ये. ही बॅट बहुतेक जण एका हातात धरतात आणि पळतानाही ती सोबत न्यावी लागते. एप्रिल-मेच्या नागपुरात सकाळी आठलाच तळहात ओले होतात. बॅट सटकली तर समोर जेमतेम साडेसात मीटरवर बॉलर उभा. मुठीवर बॅडमिंटनची ग्रिप गुंडाळा आणि शेवट चिकटपट्टीने बांधा, नाहीतर ती उलगडते. सॉफ्टबॉल खेळलेली पोरं टोला मारला की बॅट टाकून पळतात. ती सवय आधी मोडा.

बॉल 70 ते 85 ग्रॅमचा असावा लागतो, हा तसाच आहे. तो हरवला म्हणून क्रिकेटचा लेदर बॉल काढू नका. त्याचं वजन 156 ग्रॅमपासून पुढे, आणि इथे फिल्डर उघड्या हाताने झेल घेतात. सरावाला टेनिस बॉल चालतो. मुरमाच्या मैदानावर चामडी बॉलची शिवण लवकर घासते. भिजला तर जड होतो. सावलीत वाळवा, उन्हात कातडं तडकतं.

आता खांब. उंची 1.2 मीटर, बरोबर. पण बैठक रिकामी असेल तर पोराचा हात लागला तरी आडवा होतो. पळणारा हाताने किंवा बॅटने खांबाला टेकून थांबतो. तो पोचण्याआधी फिल्डरने हातातला बॉल त्या खांबाला लावला की तो बाद. खांबच पडला तर आधी कोण पोचलं यावर भांडण ठरलेलं. बैठकीत पाणी भरायला सांगितलंय, पण बूच गळतं. कन्हान नदीची वाळू चाळून, पूर्ण वाळवून भरा. ओली वाळू गोळा होऊन एका अंगाला बसते आणि खांब कलतो. काळ्या मातीच्या मैदानावर उन्हाळ्यात भेगा पडतात, तिथे बैठकीखाली मुरूम टाकून दाबून घ्या. लोखंडी खुंट्या ठोकायच्या भानगडीत पडू नका, पोरं जोरात येऊन आदळतात.

सोबतच्या कागदावर मैदान चक्क चौरस काढलंय. त्यावरून आखणी करू नका. बॅटिंगच्या चौकोनापासून पहिला खांब, पहिल्यापासून दुसरा आणि दुसऱ्यापासून तिसरा, ही अंतरं 12-12 मीटर. तिसरा ते चौथा फक्त 8.5 मीटर. बॅटिंगचा चौकोन 2 मीटरचा, बॉलिंगचा 2.5 मीटरचा. फक्की मारण्याआधी टेप धरून चारही जागांवर खिळे रोवा, रेघा मारून झाल्या की लगेच उपटा.