निगडी ट्रान्सपोर्टनगरीतलं ब्रेकचं गॅरेज, दहाचाकीवाल्यांनी नक्की जा

माझा दहाचाकी ट्रक आहे, चाकण-सातारा फेरी असते. परतीला कात्रजचा नवा बोगदा सुटला की नवले पुलापर्यंत नुसता उतार, आणि तिथंच मला ब्रेक उशिरा धरतोय असं जाणवायला लागलं, गाडी डावीकडे ओढायची. काट्यावर ब्रेकच्या हवेचं प्रेशर मात्र फुल, ८ बार. आधीच्या गॅरेजवाल्याने दोनदा स्लॅक (ब्रेकचा ढिलेपणा काढणारा दांडा) आवळून दिला, आठ दिवस बरं चालायचं की परत तेच.

इथल्या मिस्त्रींनी पान्याला हातच लावला नाही आधी. गाडी सपाट जागेवर, चाकांना ठोकळे, हँडब्रेक सोडलेला, मग चेंबरमधून (हवेच्या दाबाने ब्रेकचा रॉड ढकलणारा डबा) येणाऱ्या रॉडवर खडूची खूण केली आणि मला म्हणाले दादा, इंजिन बंद करून ब्रेक पूर्ण दाबून धरा, आणि पट्टीने रॉड किती बाहेर येतो ते प्रत्येक चाकाला मोजलं. मागच्या उजव्या चाकाला ६० मिमी निघाला! ३० टाइपच्या (चेंबरचा साइज) साध्या, म्हणजे लाँग-स्ट्रोक नसलेल्या चेंबरला ५१ मिमीच्या वर चालत नाही. "हा ऑटो स्लॅक आहे, आपोआप आवळला जातो, आवळत बसायचा नसतो, सैल का होतोय ते शोधायचं," म्हणाले, आणि खोलल्यावर एस-कॅमचा (ब्रेकचे लायनर ड्रमवर दाबणारा दांडा) बुश झिजलेला, पिनमध्येही खेळ. म्हणजे इतके दिवस आवळून आम्ही बिघाड झाकत होतो. उतारावर ड्रम तापून फुगतो, रॉडला अजून लांब जावं लागतं, त्यामुळे थंड गाडीत बरा वाटणारा ब्रेक नेमका घाटात संपतो आणि हवेचा काटा यातलं काहीच सांगत नाही, हे मला पहिल्यांदा नीट कळलं.

बुश, पिन बदलले, लायनर त्या एक्सलच्या दोन्ही बाजूंना टाकले (एकाच बाजूला टाकले तर गाडी ओढणारच) आणि परत मोजून दाखवलं, दोन्हीकडे ४० च्या आसपास. हवेच्या टाकीचं पाणी काढलं तर काळं तेलकट आलं म्हणून ड्रायरचं (हवेतला ओलावा काढणारा भाग) कार्ट्रिज पण बदलायला लावलं. जुने पार्ट हातात दिले, बिल पक्कं.

तक्रार एवढीच की वेळ फार जातो, सकाळी ९ ला लावलेली गाडी ४ ला सुटली, बसायला सावली नाही आणि फोन उचलत नाहीत. शनिवारी रांग असते, मधल्या वारी जा, आणि गाडी रिकामी करून न्या.