वेड्या शास्त्रज्ञांच्या भयपटांचा ब्ल्यू-रे संच : काही महिन्यांच्या वापरानंतर

हा अभिप्राय लिहिण्यास निमित्त झाले ते एका बिघाडाचे. युनिव्हर्सल स्टुडिओच्या जुन्या अमेरिकी भयपटांचा हा संच मी पूर्ण किंमत मोजून घेतला होता. त्यात कोणकोणते चित्रपट आहेत हे जाणकारांना ठाऊकच असल्यामुळे ती यादी देत नाही.

१९३१च्या ‘फ्रँकेनस्टाइन’ची डिस्क, शास्त्रज्ञ मृतदेहांपासून घडवलेल्या देहात प्राण ओततो त्या प्रयोगशाळेच्या प्रसंगात अडकू लागली. विजांच्या कडकडाटात छताकडे गेलेले टेबल खाली येते, त्यावरच्या देहाचा हात हळूच हलतो आणि नेमके तेव्हाच चित्र गोठते. इतरत्र कोठेही असे झाले असते तर मी कुरकुर न करता पुढे गेलो असतो, पण येथे ते शक्य नव्हते. ‘देव असणे म्हणजे काय, हे आता मला कळले’ असे शास्त्रज्ञाच्या भूमिकेतला कॉलिन क्लाइव्ह यानंतरच ओरडतो. पुढच्या काळात सेन्सॉरच्या आक्षेपामुळे हे वाक्य दाबून टाकले गेले आणि कित्येक दशके प्रेक्षकांना ते ऐकायलाच मिळाले नाही. इतक्या वर्षांनी जागेवर आलेले वाक्य पैसे मोजूनही ऐकू येत नसेल, तर संच घेण्याचा उपयोग काय?

विक्रेत्याचे म्हणणे एकच होते : आमच्याकडे डिस्क व्यवस्थित चालते, आणि परत पाठवायची असेल तर कुरिअरचा खर्च तुमचा. सदोष मालाचा भुर्दंड ग्राहकाने का सोसावा, हा माझा प्रश्न होता आणि तो मी प्रत्येक ईमेलमध्ये विचारत राहिलो. अखेर त्यांच्याच खर्चाने डिस्क बदलून मिळाली. ती उत्तम चालते, म्हणून पहिल्या रागात दिलेला एक तारा मी आता चारांवर नेला आहे.

या खटपटीत तोच प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिला गेला आणि माझे लक्ष राक्षसावरून शास्त्रज्ञाकडे वळले. राक्षस साकारणारा बोरिस कार्लॉफ आणि त्याला तो चेहरा देणारा रंगभूषाकार जॅक पिअर्स यांची थोरवी मान्यच आहे, परंतु चित्रपट पेलून धरतो तो क्लाइव्ह. आधी तो पाहुण्यांना थंडपणे खुर्च्यांवर बसवतो आणि हात हलताच त्याचा आवाज असा फाटतो, की इतरांना त्याला धरून ठेवावे लागते. भोवती ठिणग्या उडवणारी यंत्रे केनेथ स्ट्रिकफॅडन यांची. १९७४ साली दिग्दर्शक मेल ब्रूक्स यांनी ‘यंग फ्रँकेनस्टाइन’ या आपल्या विडंबनपटातही तीच वापरली. १९३५च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन’ या पुढच्या भागातला, बरण्यांत चिमुकली माणसे बाळगणारा शास्त्रज्ञ प्रिटोरियस मात्र वेडा वाटतच नाही, आणि म्हणूनच तो अधिक भयंकर आहे.

संचासोबत वाचण्यासाठी मी ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ या भयपटांना वाहिलेल्या मासिकाचे काही जुने अंक वेगळे घेतले. संपादक फॉरेस्ट जे. अ‍ॅकरमन यांच्या शाब्दिक कोट्यांचा प्रथम वैताग आला. पण हे मासिक १९५८ साली सुरू झाले, तेव्हा हे चित्रपट दूरदर्शन संचावर लागतील तेव्हाच पाहायचे, थांबवून पाहण्याची सोय नाही, अशी स्थिती होती. प्रयोगशाळेचे एखादे पानभर छायाचित्र हाच त्या मुलांचा ‘पॉज’ होता, हे लक्षात घेऊन वाचू लागल्यावर त्या कोट्या खटकेनाशा झाल्या. रंगभूषा कोणी केली, मुखवट्यामागे कोण होते, हे शाळकरी वाचकांना एवढ्या आस्थेने सांगणारे दुसरे कोण होते?

एक सूचना. चार्ल्स लॉटनने डॉ. मोरो या वेड्या शास्त्रज्ञाची भूमिका केलेला १९३२चा ‘आयलंड ऑफ लॉस्ट सोल्स’ या संचात नाही; तो मूळचा पॅरामाउंट या दुसऱ्या स्टुडिओने काढलेला चित्रपट आहे. तो स्वतंत्र घ्यावा लागतो. वेड्या शास्त्रज्ञांसाठीच संच घेणार असाल तर तेवढा खर्च आधीच धरून ठेवा आणि डिस्क हाती येताच प्रत्येक चित्रपट शेवटपर्यंत चालवून पाहा, कारण तक्रारीची मुदत फार लवकर संपते.