रस्त्याच्या कामावरील देखरेख: नागपूरच्या एका लेआउटमधून केलेले परीक्षण

आमच्या लेआउटमधील, म्हणजे भूखंड पाडून वसलेल्या वसाहतीतील, जुना डांबरी रस्ता उखडून त्या जागी सिमेंटचा रस्ता करण्याचे काम मागील उन्हाळ्यात झाले. हा रस्ता होत असताना त्यावर लक्ष ठेवण्याची जी व्यवस्था नागरिकांना मिळते, तिचे हे परीक्षण आहे. कामाच्या ठिकाणचा माहितीफलक, वाहतुकीची सुरक्षितता, अभियंत्यांची पाहणी, तक्रार नोंदविण्याची सोय आणि कामाची फाइल पाहण्याचा अधिकार या सर्वांची मिळून एक सार्वजनिक सेवा होते, आणि तिची किंमत आपण कराच्या रूपाने मोजलेली असते. ज्या यंत्रणेने हा रस्ता केला तिचे व कंत्राटदाराचे नाव मी येथे देत नाही. माझे मत मात्र आधीच सांगतो. तक्रारीची सोय वापरायला सोपी आहे, परंतु ती खड्डा किंवा भेग पडल्यावरच उपयोगी पडते. देखरेखीची खरी गरज असते ती काँक्रीट ओले असताना, आणि नेमक्या त्याच काळात नागरिकाच्या हाती एकही कागद नसतो.

या शहरात तक्रार करण्यापूर्वी पहिला प्रश्न उभा राहतो तो रस्ता कोणाचा, हा. महानगरपालिकेची दहा झोन कार्यालये आहेत. शिवाय नागपूर सुधार प्रन्यास, सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आणि महामेट्रो यांचीही कामे शहरात ठिकठिकाणी चालू असतात. वर्धा मार्गावर किंवा कामठी मार्गावर एकाच जागी उभे राहिले तरी उड्डाणपूल एकाचा, मेट्रोचा मार्ग दुसऱ्याचा आणि खालची नाली तिसऱ्याची असू शकते. मोबाइलवरून छायाचित्र व ठिकाण पाठवून तक्रार करता येते आणि तक्रारीचा क्रमांक लगेच मिळतो, ही या सेवेची चांगली बाजू आहे. वयस्क माणसालाही ते जमते, हे मी पाहिले आहे. पण तक्रार दुसऱ्या यंत्रणेच्या हद्दीतील निघाली, तर ती ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ असा शेरा मारून बंद केली जाते आणि नागरिकाला पुन्हा नव्याने सुरुवात करावी लागते. हद्द शोधून काढणे हे यंत्रणांचे आपापसातील काम आहे. ते तक्रारदारावर टाकले जाऊ नये.

कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेविषयी मला सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण सर्वांत मोठी उणीव तेथेच दिसली. सिमेंटचा रस्ता बहुधा अर्ध्या रुंदीत केला जातो. एक बाजू खोदून तीवर काँक्रीट टाकायचे आणि दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू ठेवायची, ही पद्धत आहे. त्यामुळे नव्या व जुन्या पृष्ठभागांमध्ये एक उभी कड तयार होते आणि ती कित्येक आठवडे तशीच राहते. चारचाकीला तिचा फारसा त्रास नाही, पण रात्री समोरून वाहन आले आणि दुचाकीस्वाराने थोडे बाजूला घेतले, तर चाक त्या कडेवरून घसरते. रस्त्यांची कामे चालू असताना वाहतूक कशी हाताळावी, यासाठी इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरविणाऱ्या संस्थेची स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तिका आहे. तिचा क्रमांक एसपी ५५ असून २०१४ मध्ये ती सुधारित स्वरूपात आली. कामाची जागा येण्याच्या बऱ्याच आधी धोक्याची सूचना, मग वाहनांना हळूहळू बाजूला नेणारा पट्टा, त्यानंतर कामाची जागा आणि शेवटी वाहतूक पूर्ववत होण्याची जागा, असे चार भाग तीत सांगितले आहेत. आमच्या येथे यांपैकी केवळ कामाची जागा अस्तित्वात होती. एका टोकाला दोन पत्र्याचे बॅरिकेड आणि त्यांच्यामध्ये लाल फीत बांधलेली होती. दुसरे टोक मोकळे होते आणि वळणावर गिट्टीचा ढीग पडलेला होता. पथदिव्यांचा उजेड तेथपर्यंत पोहोचत नव्हता.

पहाटे दूध घालणारा एक मुलगा त्या गिट्टीवरून घसरून पडला. त्याला खरचटण्यापलीकडे इजा झाली नाही, ही समाधानाची गोष्ट. त्यानंतर लेआउटमधील आम्ही काही जण कामावरील सुपरवायझरला भेटलो, तेव्हा तो म्हणाला, “काकाजी, सामान आलं नाही अजून, आलं की लावून देतो.” तो बोलायला सौजन्यशील होता आणि त्याच्या हाती फारसे काही नव्हते, हेही खरे. छायाचित्रांसह लेखी तक्रार केल्यावर मात्र कनिष्ठ अभियंता स्वतः आले, त्यांनी दोन्ही टोकांना परावर्तक पट्ट्या लावलेले बॅरिकेड उभे करून घेतले आणि गिट्टीचा ढीग हलविला. त्यांचे वागणे कोणालाही आवडावे असेच होते. माझा आक्षेप त्यांच्यावर नसून एका अभियंत्याकडे एकाच वेळी अनेक कामे सोपविणाऱ्या व्यवस्थेवर आहे. बॅरिकेड, फलक आणि दिवे यांची जबाबदारी कंत्राटात असते. ते जागेवर नसतील तर देयकातून रक्कम कापण्याची तरतूद प्रत्यक्ष वापरली गेली पाहिजे. कोणी पडल्यानंतर दाखविलेल्या तत्परतेला मी देखरेख मानत नाही.

आता काँक्रीटविषयी. रस्त्याच्या काँक्रीटची ताकद तपासण्यासाठी १५ सेंटीमीटरचे घन भरून ठेवतात आणि ते ७ व्या व २८ व्या दिवशी यंत्रात दाबून पाहतात. ही चाचणी प्रयोगशाळेतील घनाविषयी सांगते; रस्त्यावर टाकलेल्या काँक्रीटला पाणी किती मिळाले, हे ती सांगत नाही. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या घरात असताना, हा फरक फार मोठा ठरतो. ओल्या काँक्रीटमधील पाणी उन्हाने व वाऱ्याने उडून गेले की पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात आणि वरचा थर पुढे झिजू लागतो. म्हणून त्यावर गोणपाट अंथरून ते सतत ओले ठेवायचे किंवा मातीचे वाफे करून पाणी साठवायचे असते. आमच्या रस्त्यावर पहिले काही दिवस वाफे व्यवस्थित भरलेले होते. पुढे टँकर अनियमित झाला आणि दुपारी वाफे कोरडे दिसू लागले. तेव्हा घरोघरच्या लोकांनी आपल्या बोअरचे पाणी पाइपने सोडले. लोकांनी ते आपुलकीने केले, पण ते काम कंत्राटदाराचे होते आणि त्याची नोंद घेणारा कोणीही तेथे उपस्थित नव्हता.

सांधे कापण्याचेही असेच आहे. काँक्रीट आकुंचन पावताना कोठेतरी तडकणारच, म्हणून ठरावीक अंतरावर यंत्राने खाच कापून ती भेग त्या रेषेत आणायची असते. हे काम काँक्रीट टाकल्यानंतर काही तासांतच व्हावे लागते आणि उन्हाळ्यात तो अवधी आणखी कमी होतो. येथे एका स्लॅबवर, म्हणजे दोन सांध्यांमधील तुकड्यावर, रात्री काँक्रीट पडले आणि कापणी यंत्र दुसऱ्या दिवशी उशिरा आले. त्या स्लॅबवर कोपऱ्यातून कोपऱ्याकडे जाणारी तिरपी भेग उमटली. बाकीचा रस्ता चांगला झाला आहे, सपाट आहे, आणि पावसाळ्यात डांबरी रस्त्याची जी चाळण होत असे ती आता होत नाही, हे नमूद केले पाहिजे. परंतु जो स्लॅब बिघडला तो देखरेख नसलेल्या त्या काही तासांतच बिघडला.

रस्त्याच्या उंचीचा विषय थोडक्यात लिहितो, जरी तो लहान नाही. जुना थर पुरेसा न काढता वर काँक्रीट टाकले की रस्ता घरांच्या फाटकापेक्षा उंच होतो आणि पावसाचे पाणी अंगणात शिरते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून आणि नागनदीला पूर येऊन शहराची जी स्थिती झाली, ती पाहिलेल्या माणसाला हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आमच्या येथे जुना थर खरवडून काढला होता, त्यामुळे पातळी जवळपास पूर्वीचीच राहिली. या एका बाबतीत काम उत्तम झाले. दोन्ही बाजूंना गट्टू (सिमेंटचे फरशीवजा ठोकळे) बसवताना झाडांच्या बुंध्यांभोवती मोकळी माती सोडली असती, तर अधिक बरे झाले असते.

या सेवेचा सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत कमी वापरला जाणारा भाग म्हणजे माहितीचा अधिकार. २००५ च्या या कायद्याच्या कलम २ मध्ये माहितीच्या अधिकाराची जी व्याख्या दिली आहे, तीत केवळ कागदांच्या प्रती मिळणे एवढेच नाही. चालू कामाची पाहणी करणे आणि सामग्रीचे प्रमाणित नमुने घेणे हेही त्यात स्पष्टपणे समाविष्ट आहे. अर्जाला १० रुपये लागतात, महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा व १५० शब्दांच्या आत असावा लागतो, आणि फाइल पाहण्याच्या पहिल्या तासाला शुल्क नाही. मी कार्यादेश (कंत्राटदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश), अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, घन चाचण्यांची नोंदवही आणि त्रयस्थ तपासणीचा अहवाल पाहण्याची मागणी केली. फाइल दाखविणाऱ्या लिपिक ताईंनी कोणतीही आडकाठी न करता सर्व कागद समोर ठेवले आणि कोणती नोंद कोठे सापडेल हेही सांगितले. शासकीय कार्यालयाविषयी मनात जी धास्ती असते, ती त्या दुपारी निघून गेली.

कार्यादेशात दोषदायित्वाचा कालावधी लिहिलेला होता, म्हणजे त्या मुदतीत निघालेला दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दूर करायचा होता. त्याच्या पानाचा उल्लेख करून भेग पडलेल्या स्लॅबविषयी पत्र दिल्यावर तो स्लॅब फोडून नव्याने टाकण्यात आला. त्याआधी मोबाइलवरून केलेल्या त्याच तक्रारीवर ‘पाहणी केली, काम समाधानकारक’ असे उत्तर मिळाले होते. अडचण आहे ती वेळेची. माहिती देण्याची मुदत ३० दिवसांची आहे, आणि लेआउटमधील लहान रस्त्याचे काँक्रीट तेवढ्या अवधीत टाकून पूर्ण होते. कायद्याच्या कलम ४ नुसार अशी माहिती यंत्रणेने अर्जाची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे. कामाच्या फलकावर कंत्राटदाराचे नाव व रक्कम लिहिली होती. दोषदायित्वाची मुदत आणि जबाबदार अभियंत्याचा दूरध्वनी क्रमांक नव्हता. या दोन ओळी फलकावर असत्या, तर बराच पत्रव्यवहार वाचला असता.

लोकप्रतिनिधींच्या देखरेखीचा उल्लेख केल्याशिवाय हे परीक्षण अपूर्ण राहील. नागपूर महानगरपालिकेच्या मागील सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढील निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या काळात प्रशासक होते आणि प्रभागात नगरसेवक नव्हते. नगरसेवकाकडे काँक्रीटचे ज्ञान असते असे नाही, पण सभागृहात प्रश्न विचारून अभियंत्याला उत्तर द्यायला लावण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो, आणि ती जागा मोबाइलवरील तक्रारीने भरून निघत नाही. या काळात न्यायालयांनीच अनेकदा हे काम केले. रस्ते सुस्थितीत असणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या अधिकाराचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने पूर्वीच म्हटले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या न्यायालयाने खड्ड्यांमुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना इजेनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा, ती रक्कम पुढे दोषी अधिकारी व कंत्राटदारांकडून वसूल करण्याचा आणि निदर्शनास आलेला खड्डा ४८ तासांत बुजविण्याचा आदेश दिला. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९८-अ नुसार सदोष रचना, बांधकाम किंवा देखभाल यांमुळे मृत्यू अथवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणा व कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या तरतुदी आवश्यक आहेत, पण त्या सर्व अपघातानंतरच्या आहेत.

मूल्यमापन करायचे तर तक्रार नोंदविण्याच्या सोयीला मी पाचपैकी चार गुण देईन आणि तक्रारींच्या निपटाऱ्याला दोन. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेला एकापेक्षा अधिक देता येत नाही. फाइल पाहण्याच्या सोयीला, ती वेळेत मिळाली तर, पूर्ण पाच. ज्यांच्या गल्लीत काम सुरू व्हायचे आहे त्यांनी माहितीचा अर्ज कार्यादेश निघताच करावा, काँक्रीट पडण्याची वाट पाहू नये. आमच्या मागच्या गल्लीचा कार्यादेश नुकताच निघाला आहे. तेथील रहिवाशांनी काम सुरू होण्यापूर्वीच लेखी मागणी केली आहे की, घन रहिवाशांच्या समक्ष भरावेत, सांधे कापण्याचे यंत्र काँक्रीट टाकण्याआधी जागेवर असावे आणि अर्धा रस्ता खोदलेला असेपर्यंत दोन्ही टोकांना रात्रभर दिवा असावा. त्या पत्राची पोच त्यांना मिळाली आहे, आणि पहिल्या दिवशी उभे राहण्यासाठी घरटी एकेकाची पाळीही ठरली आहे.