जुनी टेलिफोटो लेन्स घेताना: जाहिरातीतल्या फोटोंनी मला कसं गंडवलं

फिल्मच्या जमान्यातली कॅननची एफडी माउंटची (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे अडकते तो जोड) ३०० मिमी एफ/४ एल लेन्स, म्हणजे लांबचं जवळ आणणारी टेलिफोटो, मी ऑनलाइन जाहिरात बघून घेतली. ‘काचा स्वच्छ, बुरशी नाही’ असं स्पष्ट लिहिलं होतं. हातात आली ती आतून बुरशीने खाल्लेली. पैसे बुडाल्यात जमा आहेत. पण विकणाऱ्याने हे ज्या सफाईने जमवलं ते सांगायलाच हवं, कारण त्याने वापरलेल्या युक्त्या कोणत्याही जुन्या लेन्सला चालतात.

या लेन्सना आज गिऱ्हाईक का आहे, ते आधी सांगतो. १९८७ साली कॅननने ईएफ माउंट आणला आणि एफडी लेन्स पोरक्या झाल्या. माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर एफडीत ४२ मिमी, ईएफमध्ये ४४. हे दोन मिलिमीटर आडवे आले. साधा अडॅप्टर (एका माउंटची लेन्स दुसऱ्या माउंटवर बसवणारी जोडकडी) लावला की लांबचं फोकस होत नसे, आणि ते साधायला अडॅप्टरमध्ये जादा काच घालावी लागे. आतला आरसा काढून टाकलेल्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत मात्र हेच अंतर सोनी ई माउंटला १८ आणि कॅनन आरएफला २० मिमी आहे. मधली जागा भरायला धातूची पोकळ नळी पुरते. झालं, कपाटांत पडून राहिलेल्या लेन्स बाजारात आल्या. सोबत कपाटातली बुरशीही आली.

जाहिरातीतले फोटो देखणे होते. पुढच्या काचेवर जांभळट-हिरवट झळाळी, बाहेरून ओरखडा नाही. आता कळतं की ती झळाळीच पडद्याचं काम करत होती. समोरून उजेड पडला की कोटिंगवरचं (काचेवरच्या पातळ लेपावरचं) प्रतिबिंब दिसतं, त्यामागे काय आहे ते दिसत नाही. मी मागच्या बाजूने टॉर्च मारून काढलेला फोटो मागितला. तो आलाच नाही. त्याऐवजी ‘याच लेन्सने काढलेले’ म्हणून पक्ष्यांचे फोटो आले, अगदी पिसं मोजता येतील असे. शिवाय ‘व्यवहार साइटबाहेर करू, कमिशन वाचेल, तेवढं मी कमी करतो’ असंही सुचवलं. पैसे थेट खात्यावर गेले आणि त्याबरोबर साइटची परताव्याची हमीही गेली.

लेन्स लावली तर सगळे फोटो धुक्यातून काढल्यासारखे. सूर्य पाठीमागे असेल तर चालवून घ्यावं इतपत, उजेडाकडे तोंड केलं की काळं म्हणून काही उरतच नव्हतं. विकणाऱ्याचं उत्तर तयार होतं: ‘अडॅप्टर स्वस्तातला असेल.’ हे उत्तर अर्धं खरं असतं, म्हणून पचतं. अडॅप्टर वाकडा असेल तर फ्रेमची एक बाजू मऊ येते, जाड असेल तर लांबचं फोकस होत नाही, आतून चकचकीत असेल तर कॉन्ट्रास्टही (काळ्या-पांढऱ्यातला फरक) पडतो. मी आतून काळा मखमली कागद चिकटवून पाहिला. काडीचाही फरक नाही.

मग अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च धरला, ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं, लहानमोठं होणारं छिद्र) पूर्ण उघडं ठेवलं आणि पुढून जरा तिरकं बघितलं. पुढच्या काचा खरोखर लख्ख. खोलवरच्या एका काचेवर कडेपासून आत सरकलेली, झाडाच्या मुळांसारखी फुटत गेलेली जाळी, आणि तिच्याभोवती दुधट साय. पुढच्या रिंगच्या खाचेपाशी हत्यार घसरल्याचे ताजे, चमकणारे ओरखडेही होते. म्हणजे कुणीतरी लेन्स उघडली, हात पोचला तिथवर पुसली आणि बाकीचं तसंच ठेवून बंद केली. ताज्या ओरखड्यांवरून तरी ‘मला माहीतच नव्हतं’ हे पटण्यासारखं नाही. दुरुस्तीवाल्याने बघून सांगितलं की बुरशी पुसता येईल, पण तिने खाल्लेलं कोटिंग परत येणार नाही.

त्या पक्ष्यांच्या फोटोंचं काय? फाइलमधली माहिती उघडली तर फोकल लांबी (लेन्सचा मिमीतला आकडा) ३०० आणि ॲपर्चर एफ/७.१. इथे चोरी पकडली गेली. एफडी लेन्समध्ये आणि साध्या अडॅप्टरमध्ये विजेचे संपर्कबिंदूच नसतात. ॲपर्चरची रिंग कुठे फिरवली आहे हे कॅमेऱ्याला कळायचं कसं? काही कॅमेऱ्यांत फोकल लांबी आणि लेन्सचं सर्वांत मोठं ॲपर्चर हाताने भरता येतं, त्यामुळे ३०० आणि ४ दिसलं असतं तर एकवेळ मान्य केलं असतं. पण ७.१? या लेन्सच्या रिंगवर ५.६ नंतर ८ छापलेलं आहे, ७.१ नाहीच. फोटो कुठल्यातरी ऑटोफोकस लेन्सचे होते. हे त्याला कळवलं, त्यावर ‘जुनी वस्तू आहे, जशी आहे तशी’ एवढंच उत्तर आलं आणि पुढे मला ब्लॉक केलं.

एक गोष्ट मात्र विकणाऱ्यांच्या बाजूने. अशा लेन्सची फोकस रिंग इन्फिनिटीच्या, म्हणजे सर्वांत लांबच्या फोकसच्या, खुणेपुढेही थोडी फिरत असेल तर लगेच दोष काढू नका. उन्हातान्हात तापमान बदललं की फोकस सरकतं, म्हणून लांब पल्ल्याच्या बऱ्याच लेन्समध्ये ती जागा मुद्दाम ठेवलेली असते. माझ्या लेन्समध्येही ती आहे आणि तेवढा भाग ठणठणीत आहे.

आता मी सुट्या फोटोंवर बोलणंच करत नाही. एकसलग व्हिडिओ मागतो: आधी लेन्सवरचा अनुक्रमांक, मग न थांबता तीच लेन्स अंधारात, मागून टॉर्च आणि ॲपर्चर उघडं. त्यानंतर उजेडाकडे तोंड करून, पूर्ण उघड्या ॲपर्चरवर काढलेला एक फोटो, मूळ फाइलसकट. टॉर्च मारणं हे मिनिटाचं काम आहे. तेवढ्यासाठी जो ‘वेळ नाही, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’ म्हणतो, त्याला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाऊ द्यावं. आणि पैसे साइटच्या आतूनच द्यावेत, कमिशन लागलं तरी.