कोंबड्या सांगितल्या, कोंबडे दिले

मे महिन्यातली पहाट, साडेचारचा सुमार. माळावरच्या शेडात आधी एक आरवला, मग दुसरा, आणि बघता बघता अख्खं शेड आरवायला लागलं. वस्तीवरची कुत्री उठली. आबा घोंगडं बाजूला सारून उठून बसले आणि म्हणाले, "अंडी देणारी कोंबडी आरवती व्हय रं?"

मी काही बोललो नाही. महिनाभर जी शंका मनात दाबून ठेवली होती ती त्या पहाटे पाचशे तोंडांनी ओरडत होती.

आमचं गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. २०१९ च्या महापुरात ऊस बुडाला, २०२१ च्या जुलैत पुन्हा बुडाला. पाणी चढत नाही असा आमचा एकच तुकडा, माळाचा. तिथं पत्र्याचं जुनं शेड मोकळं होतं. अशा वेळी कुणी जोडधंदा घेऊन दारात आलं की माणूस ऐकतो. २०२२ च्या जानेवारीत एक जण आला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड, हातात रंगीत पत्रक. त्यानं कडकनाथचं नाव घेतलं असतं तर मी उंबऱ्यावरूनच परत लावला असता. कडकनाथ म्हणजे काळी कोंबडी; तिच्या पालनाच्या नावावर शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, ते शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं २०१९ चं प्रकरण आमच्याकडं पोरासोरांनाही माहीत आहे, मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यापुढं लोकांनी कोंबड्या फेकल्या होत्या. पण हा शहाणा होता. स्वतःच म्हणाला, "कडकनाथवाल्यांनी धंदा बदनाम केला साहेब. आपलं गावरान आहे. देशी क्रॉस."

पत्रकावर आकडे होते, आणि सगळे खरे होते. हे मुद्दाम सांगतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५.१८ कोटी कोंबड्या-बदकं, आधीच्या २०१२ च्या गणनेपेक्षा १६.८ टक्के जास्त. त्यातली परसातली जवळपास ३१.७ कोटी, आणि तिथली वाढ तब्बल ४५.८ टक्के. त्या ४५.८ खाली लाल रेघ ओढलेली. "बघा, गावरानाला किती मागणी आहे," तो म्हणाला. मी मान डोलावली. आबा कोपऱ्यात तंबाखू मळत होते. तो गेल्यावर म्हणाले, "अरं, कोंबड्या वाढल्या म्हणतंय ते. खाणारं वाढल्याचं कुठं लिवलंय?"

मी हसण्यावारी नेलं. चौथी शिकलेला म्हातारा, त्याला काय कळतंय!

योजना अशी. पाचशे पिल्लांचं एक युनिट, पिल्लू ९५ रुपयांना. वर ५० हजार डिपॉझिट. खाद्य त्यांच्याकडूनच घ्यायचं. पाचव्या महिन्यापासून अंडी सुरू झाली की दारात येऊन अंडं १२ रुपयांना उचलणार. त्या वेळी कोल्हापुरात गावरान अंडं दुकानात सुटं घेतलं तरी साधारण तेवढ्यालाच मिळत होतं. म्हणजे गाडीभाडं, फूट, दुकानदाराचं कमिशन हे सगळं सोसून हा माणूस १२ ला घेऊन १२ ला विकणार होता. मग त्याला सुटणार काय? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, अन् त्याचं उत्तर सोपं होतं. त्याला अंड्यातून काही मिळवायचंच नव्हतं. त्याची कमाई पिल्लात, खाद्यात आणि डिपॉझिटात होती, ती आमच्याकडून आधीच वसूल.

खाद्याचंही तसंच. अंड्यावरची कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाते. मला ३६ रुपये किलोनं खाद्य पडत होतं, म्हणजे रोजचे चार रुपये. सुधारित देशी कोंबडी वर्षाला दीडशे-एकशेसाठ अंडी देते, लेअरसारखी, म्हणजे खास अंड्यासाठीच्या पांढऱ्या कोंबडीसारखी, तीनशे नाही. भागाकार करा, नुसत्या खाद्याचेच अंड्यामागे नऊ रुपये होतात. लस, वीज, मरतूक, मजुरी वेगळीच. आणखी एक गोष्ट पोल्ट्रीवाले सोडून कुणाच्या ध्यानात येत नाही. ब्रॉयलरचा, म्हणजे मटणासाठीच्या कोंबडीचा, दर रोज निघतो. साध्या अंड्याचाही एनईसीसी, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, जाहीर करते, १९८२ पासून. गावरानाला असा कुठलाच जाहीर दर नाही. मोडला तरी कुठं मोडला हे दाखवायला कागद नसतो.

फेब्रुवारीत पिल्लं आली. बहुतेक पांढुरकी. विचारलं तर, "क्रॉसमध्ये रंग असेच येतात." सहाव्या-सातव्या आठवड्यात तुरे लालभडक झाले. पुन्हा फोन केला. "जात जोमदार आहे, तुरा लवकर धरते." मी गप्प. पैसे घातलेला माणूस स्वतःची समजूत फार लवकर काढतो. मग ती पहाट झाली आणि मी पशुवैद्यकीय डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी दोन-चार पक्षी उचलून पाहिले आणि म्हणाले, "हे लेअरचे नर आहेत हो. सगळेच्या सगळे."

त्यांनी सांगितलं ते पोल्ट्रीत उतरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं. अंड्याच्या जातीच्या हॅचरीत, म्हणजे पिल्लं उबवतात तिथं, पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे करतात. मादी लेअर फार्मला जाते. नर अंडी देत नाही, आणि ब्रॉयलरसारखा ३५ ते ४० दिवसांत दोन किलोही भरत नाही. म्हणून हॅचरीला त्याचं ओझंच, कवडीमोलानं जातो. तेच आमच्या माथी ९५ ला मारले होते.

करारपत्र काढलं. शंभराचा स्टँप, खाली माझी सही. 'देशी क्रॉस पिल्ले ५०० नग' एवढंच लिहिलेलं, मादी हा शब्द कुठंच नाही. उचल "बाजारातील परिस्थिती पाहून". डिपॉझिट रोख दिलेलं, पावतीवर 'प्रशिक्षण शुल्क'.

तरी फोन लावला. शेवटचा उचललेला तोच. मला वाटलं शिव्या देईल किंवा गयावया करेल. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, देशात स्टॉक किती वाढलाय बघा की. परसातली कोंबडी ४५ टक्क्यांनी वाढली. बाजार पडलाय, उचल थांबवली आहे." तोच आकडा! जानेवारीत ती मागणी होती, मे महिन्यात तो साठा झाला. आबा ऐकत होते. त्यांनी काही म्हटलं नाही, हे त्यांचे उपकार.

तक्रारीचं थोडक्यात. करवीर-पन्हाळ्यातले आम्ही चौदा जण निघालो, एकमेकांना माहीत नसलेले. ठेव घेऊन बुडवणाऱ्यांविरुद्ध राज्यात १९९९ चा कायदा आहे, लोक एमपीआयडी म्हणतात. पण ज्यांनी पैसे चेकनं दिले आणि ज्यांच्या पावतीवर डिपॉझिट लिहिलं होतं त्यांचेच कागद भक्कम. माझा अर्ज आत गेलाय, पुढं काही नाही. कोंबडे गटारीच्या आधी विकले, ऐंशी हजार आले. गेले होते अडीच लाखांच्या वर. श्रावण लागू दिला असता तर निम्मेही आले नसते.

मध्यंतरी कागलकडच्या पाहुण्याचा फोन आला. "दाजी, तुम्ही पोल्ट्री केलीसा न्हवं? एक माणूस आलाय, पत्रक घेऊन." म्हटलं, पत्रकाचा फोटो पाठव. आकडे आता नवे होते. २०२३-२४ मध्ये देशात १४,२७७ कोटी अंडी, माणशी वर्षाला १०३. हेही खरेच, मी तपासले. त्याला म्हटलं, चार गोष्टी विचार. हॅचरीचं बिल दाखव, त्यावर मादी लिहिलंय का. खाद्य बाहेरून घेतलं तर चालेल का. डिपॉझिट चेकनं घेशील का. आणि ज्याचा माल उचललास त्याच्या शेडवर आत्ताच्या आत्ता गाडीत बसून जाऊया का.

"दाजी, जरा हळू बोला," पाहुणा म्हणाला, "त्यो अजून सोप्यात चहा पितोय."