फेटाळलेल्या तक्रारींचे दप्तर : अमेरिकी निवडणूक आयोगाची शोधसेवा

लोकप्रतिनिधी आणि उमेदवारांच्या निवडणूक खर्चाविषयीच्या तक्रारींचे पुढे काय झाले, हे कोणालाही पाहता यावे यासाठी अमेरिकेच्या फेडरल इलेक्शन कमिशनने बंद प्रकरणांची कागदपत्रे संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. निव्वळ दप्तर म्हणून ही सेवा उत्तम आहे. प्रकरणाचा क्रमांक किंवा संबंधिताचे नाव टाकले की मूळ तक्रार, तिला आलेले उत्तर, विधी विभागाचा अहवाल आणि आयोगाच्या सदस्यांनी केलेल्या मतदानाचा दाखला असे सारे कागद हाती येतात.

अडचण आहे ती निकालाच्या नोंदीची. या आयोगात सहा सदस्य असतात, एका पक्षाचे तिनाहून अधिक असू शकत नाहीत आणि चौकशी सुरू करायला चार मते लागतात. त्यामुळे ‘प्रकरण बंद’ या शब्दांमागे तीन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात : तक्रारीत तथ्य आढळले नाही, तथ्य असूनही आयोगाने स्वेच्छाधिकारात (म्हणजे कारवाई करावी की नाही हे स्वतः ठरवण्याच्या अधिकारात) ती सोडून दिली, किंवा मते समसमान पडून फाइल मिटली. आरोप असलेली व्यक्ती अर्थातच तिन्ही वेळा ‘आम्ही निर्दोष ठरलो’ असेच सांगते.

डोनाल्ड ट्रम्प यांच्याशी असलेल्या कथित संबंधांबद्दल गप्प राहावे म्हणून 2016 च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी पोर्नपट अभिनेत्री स्टॉर्मी डॅनियल्स यांना दिलेल्या 1,30,000 डॉलरांचे प्रकरण या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखे आहे. हे पैसे देणारे ट्रम्प यांचे तेव्हाचे वकील मायकेल कोहेन यांनी 2018 मध्येच न्यायालयात गुन्हा कबूल केला होता आणि आयोगाच्या विधी विभागाने पुढे जाण्याची शिफारस केली होती; तरीही एक सदस्य गैरहजर, एकाने स्वतःला बाजूला ठेवलेले, अशा स्थितीत 2-2 मते पडली आणि 2021 मध्ये प्रकरण बंद झाले. विरोधात मत देणाऱ्या दोघांच्या निवेदनात मुख्य भर आहे तो आयोगाची साधनसामग्री अन्यत्र वापरणे अधिक योग्य ठरेल यावर. आरोप खोटे असल्याचा निष्कर्ष त्यात नाही. माझ्या मते कोणत्याही फाइलमध्ये सदस्यांची ही कारणमीमांसाच आधी उघडावी, कारण निकाल कळवणारे पत्र बहुधा कोरडेच असते.

तक्रारदाराच्या बाजूने पाहिले तर व्यवहार एकतर्फी वाटतो. त्याने तक्रार शपथेवर, नोटरीसमोर सही करून द्यायची. ती फेटाळली गेल्यास 60 दिवसांत न्यायालयात जाण्याची मुभा कायद्याने दिली आहे खरी, पण स्वेच्छाधिकाराचे कारण दिलेले असेल तर न्यायालय त्यात पडणार नाही, असे वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने 2018 मध्ये म्हटले होते.

एप्रिल 2025 च्या अखेरीस सदस्यसंख्या चाराच्या खाली गेली आणि आयोगाची गणपूर्तीच उरली नाही. अशा काळात तक्रारी दाखल करता येतात, मात्र त्या फेटाळण्याइतकेही मतदान होऊ शकत नाही.